दोनदा हॉर्न

खाली पाण्याच्या टँकरनं दोनदा हॉर्न वाजवला. कुलूपराव स्टुलावरून उठले, कडी सरकवली, दार सताड उघडलं आणि सलामासाठी उजवा हात कपाळापर्यंत नेला. तेवढ्यात पायाला काहीतरी मऊ घासून गेलं आणि त्यांची झोप उडाली. समोर कारखान्याचं फाटक नव्हतं, मालाचा ट्रक नव्हता. तिसऱ्या मजल्यावरचा जिना होता, आणि त्या जिन्यावरून साहेब शेपटी ताठ करून, कसलीही घाई न करता, खाली चालले होते.

"साहेब," कुलूपराव दबक्या आवाजात म्हणाले, "साहेब, परत फिरा."

साहेबांनी वळणावर थांबून एकदा मागं पाहिलं आणि ते दिसेनासे झाले. साहेब म्हणजे बोका. रंगानं करडा, एका कानाला खाच, आणि या घरात आल्यापासून एकदाही उंबरा न ओलांडलेला. कुलूपरावांनी आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. लेक आत झोपली होती. रात्री तिला झोप नसायची, दुपारी कुठे जरा डोळा लागायचा. ती उठायच्या आत बोका घरात हवा होता. नाहीतर काय होईल, याचा विचारसुद्धा त्यांना करवेना. ते अनवाणीच जिना उतरायला लागले.

कुलूपराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. कारखान्यातल्या पोरांनी ते ठेवलं होतं आणि पुढे पगार वाटणारा कारकूनसुद्धा तेच म्हणू लागला. उभा जन्म त्यांनी एका फाटकावर काढला. गाडीनं दोनदा हॉर्न वाजवला की आपली गाडी, उघडायचं. एकदा वाजवला की बाहेरची, विचारायचं. आत कोण आहे आणि बाहेर कोण गेलंय, हे त्यांच्या डोक्यात पक्कं असे. मालकाच्या मेव्हण्याला त्यांनी पास नाही म्हणून भर उन्हात उभं केलं होतं. त्या दिवशी मालकानं त्यांना बोलावून घेतलं, तेव्हा सगळ्यांना वाटलं की गडी गेला कामावरून. मालक फक्त हसला म्हणे. तो हसला नसता तरी कुलूपरावांनी दुसऱ्या दिवशी तेच केलं असतं.

निवृत्त झाल्यावर माणसानं आराम करावा. कुलूपरावांना तो जमेना. घरभर येरझाऱ्या घालून बायकोच्या पायात पायात येऊ लागले, तेव्हा तिनंच एक स्टूल दाराशी नेऊन ठेवलं आणि सांगितलं की बसा इथे, येणाऱ्या-जाणाऱ्याचे पास तपासा. तिनं टोमणा मारला होता. यांनी ते मनावर घेतलं. तेव्हापासून सकाळी आणि दुपारी टँकरचा हॉर्न वाजला की त्यांचे गुडघे आपोआप सरळ व्हायचे, बायको हसायची, आणि ते ओशाळून खाली बसायचे. आज बायको बाजारात गेली होती आणि ते बसल्या बसल्या पेंगत होते.

पहिल्या मजल्यापर्यंत साहेबांचा पत्ता नव्हता. कुलूपरावांनी जिन्याखालची अडगळ पाहिली, पाण्याच्या टाकीमागं वाकून पाहिलं. टँकरखालीसुद्धा पाहिलं. टँकरवाल्याला त्यांनी विनवलं, बाबा रे, चाक हलवायच्या आधी एकदा खाली बघ. टँकरवाल्यानं मान डोलावली आणि मग त्यांच्या अनवाणी पायांकडे पाहिलं.

बोका लेकीचा नव्हता, जावयाचा होता. जावयानंच त्याला साहेब नाव ठेवलं, कारण दार उघडून कुणी बाजूला झाल्याशिवाय हा आत-बाहेर करायचा नाही. उघडं दार असलं तरी उंबऱ्यावर थांबून वर बघणार. सासऱ्याला तो म्हणायचा, "बाबा, तुमच्यासाठी एक नोकरी आहे. साहेब जुनेच, फाटक नवीन." लेक-जावयाच्या घरी बोका दिवसभर बाहेर असे. संध्याकाळी जावयाच्या स्कूटरचा आवाज कळला की गल्लीच्या तोंडाशी जाऊन बसे, आणि घरापर्यंतचं उरलेलं अंतर पायाशी बसून, तोंड वाऱ्यावर धरून येई. मागच्या सीटवर लेक. तिघांची ती वरात पाहून लोक हसायचे. कुलूपरावांनीही एकदा पाहिली होती आणि घरी येऊन बायकोला सांगताना त्यांना धड बोलता येत नव्हतं, इतकं हसू येत होतं.

मग एका संध्याकाळी त्यांच्या स्वयंपाकघरातला दिवा गेला. जावई "आलोच" म्हणून निघाला. दुकान कोपऱ्यावर, म्हणून स्कूटरही काढली नाही. वळणावर कुणीतरी ट्रक मागं घेत होता.

लेक बोक्याला आणि स्कूटरला घेऊन माहेरी आली. स्कूटर इमारतीच्या मागच्या पत्र्याखाली कापड घालून उभी राहिली. बोका घरात राहिला, आणि लेकही. दोघांपैकी कुणी बाहेर पडेना. बोक्यानं निदान तक्रार तरी केली. पहाटे दाराशी बसून ओरडायचा. चौकट नखांनी सोलून काढली. दाराखालच्या फटीला नाक लावून बाहेरची हवा ओढत बसायचा आणि तिन्हीसांजेला अंगात आल्यासारखा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत धावत सुटायचा. कुलूपरावांच्या चांगल्या बुटात त्यानं दोनदा मुतून ठेवलं. शेवटी चाटून चाटून पोटावरचे केस काढले, तेव्हा जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना घरी बोलावलं.

बाई समजूतदार होत्या. म्हणाल्या, बाहेर गाड्या, कुत्री, मारामाऱ्या, रोगराई. घरात राहिलेलं मांजर जास्त जगतं, यात वाद नाही. लहानपणापासून घरात वाढलेलं सुखानंही जगतं. पण यानं गल्ली सांभाळली आहे, त्याला घरात काम द्यावं लागेल. उंच बसायला जागा, खिडकी, आणि रोज दोरीला पीस बांधून शिकारीचा खेळ. कुलूपरावांनी भिंतीला फळ्या ठोकल्या. दोरीला पीस बांधून या वयात पलंगाभोवती धावले. साहेब एकदा फळीवर चढले, तिथून सगळी खोली पाहिली, आणि उतरून परत दाराशी जाऊन बसले.

बायकोचं मत होतं की सोडा त्याला, मुका जीव आहे, असा किती कोंडून ठेवणार. ती एकदा तसं बोललीही. लेकीनं बोक्याला उचलून छातीशी धरलं. तो सुटायला धडपडत होता, तरी सोडला नाही.

"आई, बाहेर गेलेलं परत येतंच, असं तुला कुणी सांगितलं?"

त्यानंतर घरात हा विषय निघाला नाही. कडी लावायची जबाबदारी कुलूपरावांकडे आली. त्यांना ती आवडलीसुद्धा. बऱ्याच दिवसांनी कुणीतरी त्यांच्यावर फाटक सोपवलं होतं.

आणि तेच फाटक त्यांनी सलाम करून उघडून दिलं होतं. कोपऱ्यावरच्या सायकल दुरुस्तीवाल्याला त्यांनी विचारलं, करडा बोका पाहिलास का. तो चाकाच्या तारा आवळत होता. मान वर न करता त्यानं पान्यानं इमारतीच्या मागची बाजू दाखवली. कुलूपरावांचे तळपाय पोळत होते. ते पत्र्याखाली पोहोचले तेव्हा आधी त्यांना काहीच दिसलं नाही. मग स्कूटरवरचं कापड एका बाजूनं जरासं हललं.

त्यांनी वाकून कापड वर केलं. साहेब पाय ठेवायच्या जागेवर बसले होते. पुढचे दोन्ही पाय पोटाखाली दुमडून, तोंड रस्त्याकडे. पळापळ नाही, ओरडणं नाही. रस्त्यावरून एखादी दुचाकी गेली की खाच पडलेला कान तिकडे वळायचा, आवाज विरेपर्यंत वळलेला राहायचा, आणि परत जागेवर यायचा. कुलूपरावांनी हात पुढे केला. साहेबांनी एकदा त्यांच्याकडे पाहून हळूच डोळे मिटले, उघडले, आणि पुन्हा रस्त्याकडे बघायला लागले. उचललं असतं तर आले असते. दोन मिनिटांत घरात, कडी लागलेली, लेकीला कधी कळलंही नसतं.

कुलूपरावांनी हात मागं घेतला. ते तिथंच मातीत बसले आणि रडले. जावई गेला त्या दिवसापासून त्यांना रडायला सवड मिळाली नव्हती. आधी धावपळ होती, मग लेक होती. आता एक बोका शेजारी बसला होता आणि त्याला त्यांच्या रडण्याशी काही देणंघेणं नव्हतं. फाटकावर त्यांनी पुष्कळांना अडवलं होतं. कुणाची वाट बघत बसलेल्याला अडवायचं कसं, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

जिन्यात बायको भेटली. हातात पिशव्या, चेहरा पांढराफटक. ती घरी आली तेव्हा दार उघडं होतं आणि लेक उंबऱ्याच्या आत उभी होती, चौकटीला दोन्ही हातांनी धरून. ती आत जात नव्हती आणि बाहेरही येत नव्हती. बायको म्हणाली, तुम्ही वर जा, मला तिच्याकडे बघवत नाही.

लेकीनं त्यांचे रिकामे हात आधी पाहिले.

"तुमचं एकच काम होतं, बाबा."

"हो."

"एवढं एकच काम."

"चुकलं माझं," कुलूपराव म्हणाले. "टँकरचा हॉर्न वाजला आणि मला वाटलं, मी गेटवर आहे. साहेब सापडलेत. ठीक आहेत."

"मग आणला का नाही?"

यावर काय सांगावं, हे जिना चढताना त्यांनी ठरवलं होतं. त्यांनी पायांची माती पायरीवर झटकली, पुन्हा झटकली.

"तो स्कूटरवर बसलाय," ते म्हणाले. "पायाशी, त्याच्या जागेवर. तूच ये आणि बघ. मग तू म्हणशील तर मी स्वतः त्याला वर आणतो आणि या दाराला दुसरी कडी लावतो. पण आधी तू ये."

लेकीची नजर बापाच्या अंगावर जाळ ओतत होती. बायको मागून आली, पिशव्या खाली ठेवल्या. कोपऱ्यातल्या लेकीच्या चपलांवर धूळ बसली होती. तिनं त्या पदरानं पुसल्या आणि उंबऱ्याच्या बाहेरच्या बाजूला, घालता येतील अशा, मांडून ठेवल्या. मग ती स्वयंपाकघरात निघून गेली आणि उगाचच भांडी आपटू लागली. कुलूपराव दारातून बाजूला झाले. गाडी जाताना व्हायचे तसे, पाठ भिंतीला टेकवून, वाट पूर्ण मोकळी करून.

बराच वेळ लागला. मग चपलांचा आवाज एकेक पायरी करत खाली गेला.

जिन्याच्या खिडकीतून मागचा पत्रा दिसतो. कुलूपरावांनी बघायचं नाही असं ठरवलं आणि लगेच बघितलं. लेकीनं स्कूटरवरचं कापड काढलं होतं. ती बोक्याला उचलेल असं त्यांना वाटलं. तिनं त्याला हात लावला नाही. ती स्कूटरवर चढली आणि मागच्या सीटवर बसली. पुढची सीट रिकामी ठेवून, अंग चोरून, नेहमी बसायची तशी. साहेब पायाशी होते. स्टँडवर उभी असलेली ती स्कूटर कुठेच निघाली नव्हती, आणि दोघं रस्त्याकडे बघत होते.

कुलूपराव खिडकीपासून दूर झाले. हे बघायचा त्यांना हक्क नव्हता.

चहा झाला. चहा निवला. बायकोनं तो परत गरम केला. कुलूपराव स्टुलावर बसायचे, उठायचे, दोन पावलं टाकून परत बसायचे. उन्हं कलली तेव्हा जिन्यात हालचाल झाली आणि ते ताडकन उभे राहिले. साहेब एकटेच वर आले होते. अंगाला धूळ, मिशीला कोळ्याचं जाळं. उंबऱ्यावर नेहमीसारखे थांबून त्यांनी वर पाहिलं. कुलूपराव बाजूला झाले. साहेबांनी आपणच सोललेल्या चौकटीवर गाल घासला, एक बाजू घासून झाल्यावर दुसरीही घासली, आत आले, बशीतलं सगळं दूध संपवलं आणि पलंगावर चढून अंगाचं वेटोळं करून झोपले. इतक्या दिवसांत असे गाढ झोपलेले त्यांना कुणी पाहिलं नव्हतं.

बायकोनं जिन्याच्या खिडकीतून खाली डोकावलं आणि धास्तावून मागं आली. पत्र्याखाली कुणी नव्हतं. कापडाची घडी करून पुढच्या सीटवर ठेवलेली होती. ती म्हणाली, अहो, उतरा खाली, त्या कोपऱ्यापर्यंत तरी बघून या. कुलूपरावांचे पाय निघालेच होते. त्यांनी स्टुलाच्या कडा दोन्ही हातांनी घट्ट धरल्या.

"येईल," ते म्हणाले.

"तुम्हाला काय माहीत?"

माहीत नव्हतं. दिवेलागणीला डास येतात म्हणून दार तरी लोटून घ्या, बायको म्हणाली.

"राहू दे. एक जण बाहेर आहे अजून."

ती आतून दुसरं स्टूल घेऊन आली आणि त्यांच्या शेजारी बसली. त्या दिवशी टँकर संध्याकाळी परत एकदा आला. खाली दोनदा हॉर्न वाजला. कुलूपराव उठले नाहीत. दार उघडंच होतं.