बॅच नंबरचा रकाना

दिल्लीहून सहा आठवड्यांचं प्रशिक्षण घेऊन मुकुंदराव परतले, ते एक तक्ता घेऊनच. वरून खाली उतरणाऱ्या पाच पायऱ्या: अभ्यास, आराखडा, प्रोग्रॅम, चाचणी, हस्तांतर. एक पायरी उतरली की तिच्यावर पुन्हा पाय ठेवायचा नाही. संगणक विभागाचे प्रमुख म्हणून त्यांनी तो तक्ता आपल्या खुर्चीमागे टांगला, जिथे एरवी देवाचं कॅलेंडर असतं, आणि त्याच्याविषयी बोलताना आवाजही तसाच खाली आणू लागले.

सन शहाऐंशी. सरकारी औषध भांडाराचं गोदाम लकडगंजात होतं. तिथून चारशे आरोग्य केंद्रांना माल जायचा, आणि कुठलं औषध मुदत संपायच्या आत बाहेर काढायचं हे आता संगणक सांगणार होता. प्रोग्रॅम लिहायचं काम शामला गजभियेकडे होतं. तिला नोकरीत दोन वर्षं झाली होती, पण ती अजून कायम झाली नव्हती.

अभ्यासाची पायरी साहेबलोकांनी कूलरसमोर बसूनच उरकली. प्रत्येकाने पुस्तकातला नियम सांगितला: जुना माल आधी बाहेर जातो. त्याचा दोनशे बारा पानांचा इंग्रजी दस्तऐवज झाला, तो नऊ टेबलांवरून फिरला आणि त्यावर नऊ सह्या पडल्या. वाचला एकानेही नाही. उंटावरून शेळ्या हाकणारे शामलाने पुष्कळ पाहिले होते. हे तर शेळ्या किती आहेत तेही उंटालाच विचारत होते. तिला शिसारी आली.

गोदामात खरं काय चालतं ते तिला देवाजीने दाखवलं. देवाजी तिथला भांडारपाल, तीस वर्षं त्याच पत्र्याखाली काढलेला. गोदामाला दार एकच. ट्रक आला की नवी खोकी दाराशी रचली जात, आणि गावोगाव पाठवायची खोकीही दारातूनच उचलली जात. जुना माल मागे भिंतीला लागून पडलेला.

"नियम मले पाठ हाय, बाई," देवाजी म्हणाला. "पण साहेब आले का थेही दारातूनच पाहून जातेत. मांगं कोन जाते?"

मागे सापाच्या विषावरच्या औषधाची दोनशे खोकी होती. जुलैअखेर त्यांची मुदत संपत होती. सुरू झाल्यावर संगणक प्रत्येक पाठवणी जुन्या मालातून वजा करणार, म्हणजे पाऊस लागेपर्यंत कागदावर जुनी खोकी संपणार आणि खरी तिथेच सडणार. नवीन माल तेवढ्यात उडालेला असणार, आणि ऐन सापांच्या दिवसांत नव्या मालाच्या नावाखाली केंद्रांवर मुदत संपलेल्या कुप्या पोचणार.

शामलाची काम करायची रीत वेगळी होती. दर शनिवारी ती देवाजीला विभागात बोलवायची, अर्धामुर्धा प्रोग्रॅम दाखवायची, तो चुका काढायचा, ती सोमवारी दुरुस्त करायची. या रीतीचा त्रास तिलाही ठाऊक होता. देवाजीला दर शनिवारी नवं काहीतरी सुचायचं, आणि काम कधी संपेल हे तिला छातीठोकपणे सांगता येत नव्हतं. पण एका शनिवारी पडद्यासमोर बसून तोच म्हणाला, "हे चुकून राहिलं, बाई. कोनतं खोकं उचललं थे हे मशीन मले काहून इचारत नाही?"

बस, एवढंच होतं. पाठवणीच्या वेळी खोक्यावरचा बॅच नंबर भरायचा एक रकाना. दोन दिवसांचं काम.

"अभ्यासाची पायरी बंद झाली आहे," मुकुंदराव म्हणाले. "नऊ सह्या आहेत."

"सर, सह्या चुकीच्या गोष्टीवर आहेत."

"सही चुकीची कशी असेल? सही ती सही."

तेवढ्यात मुंबईहून समिती आली. काम करायच्या दोन्ही रीतींची तुलना करून एक ठरवायची होती. तुलनेचा तक्ता मुकुंदरावांनीच केला, म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याची किल्ली. पानं किती: दोनशे बारा विरुद्ध अकरा. सह्या किती: नऊ विरुद्ध शून्य. काम संपायची तारीख: एक जून विरुद्ध 'सांगता येत नाही'. गोदामात माल कसा उचलतात, हा रकाना त्या तक्त्यातही नव्हता. समितीने संत्र्याची बर्फी खाल्ली, शामलाकडे बघून "उत्साही आहे" म्हटलं, आणि पायऱ्या पसंत केल्या.

मग प्रोग्रॅम बरोबर चालतो असा चाचणीचा दाखला सहीसाठी तिच्यापुढे आला. शेजारी तिच्या कायम होण्याची फाइल होती. मुकुंदरावांनी नुसतं टोपण काढून पेन तिच्या हाती दिलं. त्या हळुवारपणाचीच तिला सगळ्यात जास्त किळस आली. तिने सही केली.

रकाना होणार नाही हे देवाजीला सांगायला ती स्वतः गेली. तो रागावला असता तर बरं झालं असतं.

"सुरू कवा होते थे?"

"एक तारखेला."

"म्हनजे नऊ दिवस हायेत." त्याने टोपी काढून खुंटीला लावली. "मशीन गोदामावानी नाही वागत तं गोदामाले मशीनवानी वागा लागन."

मेच्या उन्हात, तापल्या पत्र्याखाली, देवाजी आणि चार हमालांनी अख्खं गोदाम उलटं केलं. जुनं दाराशी, नवं मागे, मध्ये जायला वाट. दोन दिवस पाठवणी बंद ठेवावी लागली. सातव्या दिवशी देवाजीची कंबर धरली, तर तो स्टुलावर बसून खोकी मोजत राहिला. जूनपासून संगणकाचा कागद आणि गोदाम तंतोतंत जुळू लागले. सापाच्या औषधाची जुनी खोकी मुदतीआधीच गावोगाव पोचली.

मुकुंदरावांचा सत्कार झाला. अहवालात त्यांनी लिहिलं, 'पद्धत बिनचूक ठरली.' आणि देवाजीला मेमो मिळाला: विनापरवानगी माल हलवला, पाठवणी बंद ठेवली, गरज काय होती याचा खुलासा करावा.

मेमो वाचून शामला थेट मुकुंदरावांच्या खोलीत गेली आणि उभ्यानेच कागदावर लिहून दिलं: 'गरज होती. प्रोग्रॅम चुकीचा आहे. चाचणीच्या दाखल्यावरची माझी सही खोटी आहे.'

आता आकाशपाताळ एक होईल, असं तिला वाटलं. मुकुंदरावांनी कागद शांतपणे वाचला. वर कोपऱ्यात क्रमांक घातला.

"मुद्दा चांगला आहे," ते म्हणाले. "दुसऱ्या टप्प्याच्या अभ्यासात घेऊ."

आठवड्याने दोन हुकूम एकाच प्रिंटरवर, सलग कागदावर एकामागून एक छापून निघाले. देवाजीची वेतनवाढ वर्षभर रोखली होती. शामला गजभिये कायम झाली होती.

तिने दोन्ही कागद भोकांच्या रेषेवर फाडून वेगळे केले, देवाजीचा लकडगंजच्या टपालात टाकला आणि स्वतःचा घडी करून पर्समध्ये ठेवला.