राजाच्या बागेतले ठिगळ

मी एक जुना पडदा आहे, मित्रांनो, आणि मला दोन अंगे आहेत. एका अंगावर राजाची बाग रंगवलेली आहे. त्यात कारंजे आहे, केळी आहेत आणि दोन मोर आहेत. दुसरे अंग पांढरे आहे. लोकांनी माझे पांढरे अंगच जास्त पाहिले आणि तेवढाच पडदा आहे असे समजून ते घरी गेले.

सुरुवातीलाच सांगून ठेवतो, माझा स्वभाव संशयी आहे. पडद्याचा तसाच असावा. त्याच्या पुढे जे चालते ते सोंग असते, आणि मागे जे चालते ते कुणाला दिसत नाही.

पुण्यात एका रंगाऱ्याने मला तयार केले. जाड मांजरपाटाच्या सहा पट्ट्या जोडून त्याने बाग रंगवली. दुसऱ्या मोराला त्याने एकच पाय काढला. मालकाने विचारले तेव्हा म्हणाला, "दुसरा पाय त्याने पोटाशी घेतला आहे." खरे म्हणजे त्याला जेवायला जायची घाई होती. जन्माच्या दिवशीच मी पहिली थाप ऐकली ती अशी.

मला एका संगीत नाटक कंपनीने घेतले. नट माझ्यापुढे उभे राहून गात. पद रंगले की लोक "वन्स मोअर" म्हणून ओरडत. मग गाणारा घाम पुसून परत पुढे येई आणि तेच पद पुन्हा म्हणे. कधी तिसऱ्यांदाही म्हणे. लोकांनी हाक मारली आणि माणूस परत आला, ही गोष्ट मला तेव्हा साधी वाटत होती.

चव्वेचाळीस साली कंपनीचा मुक्काम तळेगावला होता. खेळ चालू असताना माझा दोर तुटला. प्रेक्षकांतून एक धिप्पाड माणूस उडी मारून वर आला आणि अंक संपेपर्यंत त्याने मला हातांवर तोलून धरले. त्याचे नाव हौशीराम. कामशेतच्या भाताच्या गिरणीत तो पोत्यांची तोंडे शिवायचा. कंपनीने त्याला दोर ओढायला ठेवून घेतले. घरी तो "चार महिन्यांनी येतो" असे सांगून आला. दर दिवाळीला तो विंगेतल्या माणसांना म्हणे, "औंदा जातो." दर दिवाळीला कंपनीचा नवा मुक्काम असे, आणि हौशीराम दोर धरून, डोळे मिटून, गाणे ऐकत उभा असे. त्याला कुणी अडवले नव्हते. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो.

पुढे कंपनीच्या नाटकाचे जसेच्या तसे चित्रण करायचे ठरले. रंगमंचासमोर यंत्र ठेवले, मोठे दिवे लावले. तिसऱ्या अंकाच्या वेळी एक दिवा कलंडला आणि एकपायी मोराच्या खाली मला वीतभर भोक पडले. सगळे ओरडू लागले. हौशीराम धावत गेला आणि आपल्या ट्रंकेतून एक हिरवे कापड घेऊन आला. घर सोडताना बायकोने त्यात भाकरी बांधून दिल्या होत्या. ते त्याने भोकावर ठेवले आणि दाभणाने भराभर शिवले. हाताला सवय पोत्याची. पोते उचलायला सोपे जावे म्हणून त्याच्या तोंडाला दोन्ही टोकांना कान काढतात, तसे त्याने माझ्या ठिगळाला दोन कान काढले. चित्रण करणारा म्हणाला, "राहू द्या. काळ्या-पांढऱ्यात हिरवे कुठे दिसते!"

थोड्याच दिवसांत लोक नाटकाऐवजी सिनेमाला जाऊ लागले आणि कंपनी मोडली. हौशीरामने मला गुंडाळले, वरून बारदान घातले आणि तोंड शिवले. दोन कान काढले. त्याच्या दाभणाचा शेवटचा टाका मी आतून ऐकला. त्यानंतर तो कुठे गेला हे मला माहीत नाही. गुंडाळलेल्या पडद्याला काही दिसत नाही.

मला कामशेतच्या दत्तोबा शेटने विकत घेतले. त्याने भाताचे एक जुने गोदाम रिकामे करून तिथे टॉकीज काढली होती. खडू आणि सरस कालवून त्याने माझी पाठ पांढरी केली आणि माझी बाग भिंतीकडे केली. ज्या सिनेमाने आमची कंपनी खाल्ली, तोच आता माझ्या पाठीवर नाचू लागला. मला त्याचा अजिबात भरवसा नव्हता. चित्रातल्या माणसांना वजन नव्हते, घाम नव्हता. लोक "वन्स मोअर" ओरडले तरी ती ऐकत नसत. तरी एक गोष्ट मला त्यांच्यामुळे मिळाली. शाळेतली मुले एकमेकांच्या पाठीवर बोटाने अक्षर काढतात आणि ओळखायला लावतात ना, तशी चित्राच्या सुरुवातीची नावे माझ्या पाठीवर उमटत. म्हातारपणी मी तशी अक्षरे शिकलो.

संशय लोकांनाही होता. पहिल्याच आठवड्यात भाजी विकणारी चिमाबाई माझ्या मागे येऊन बघून गेली. बाहेर जाऊन तिने बायकांना सांगितले, "मागं कुनीच गात न्हाई गं. नुसती बाग हाय. अन् एक लंगडा मोर."

छप्पन्न साली आमच्या नाटकाचे ते चित्र कामशेतला आले. बाजारच्या दिवशी दुपारचा खेळ होता. त्या दिवशी दोन कोसांवरच्या एका वाडीतून झुंबरबाई आली होती. ती हौशीरामची बायको. सोबत तिचा दीर बजरंग आणि जाऊ शालूबाई होती. तिघे एका विधीचे सामान घ्यायला बाजारात आले होते. बारा वर्षे माणसाचा पत्ता नसेल तर त्याचा दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात आणि माणूस गेला असे धरतात. हौशीरामची बारा वर्षे भरली होती. आठ दिवसांनी पुतळा जळणार होता आणि त्यानंतर झुंबरबाईला कुंकू पुसायचे होते.

बजरंग वाईट माणूस नव्हता. त्याच्या मुलीचे लग्न अडले होते. घरातला थोरला जिवंत आहे की नाही, पत्रिकेत कुणाचे नाव घालायचे, असे पाहुणे विचारत होते. आणि शालूबाईनेच जावेला टॉकीजमध्ये ओढून आणले होते. "चला वो बाई," ती म्हणाली, "पुन्यांदा तुमाला कोन हितं येऊ देनार हाय?"

खेळ सुरू झाला. पदे झाली. लोक सवयीने "वन्स मोअर" ओरडले आणि सवयीने गप्प बसले. तिसरा अंक आला, आणि राजा दुःखाने गात असताना पुढच्या पोत्यांवर बसलेला एक हमाल हसायला लागला.

"आरं, राजाच्या बागंत भाताचं पोतं!"

"कान बी हायती," दुसरा म्हणाला. "धर अन् घाल राजाच्या पाठीवर."

सगळे हसू लागले. बायकांच्या बाजूला झुंबरबाई उठून उभी राहिली.

"मावशी, खाली बसा. मागं दिसत न्हाई."

"त्यो टाका आमच्या ह्यांचा हाय," ती म्हणाली.

"वयनी, बसा खाली," बजरंग पलीकडून म्हणाला. "समदा बाजार बघतोय."

"बघू द्या, भावजी. तुमी बी बघा. उजवा कान मोठा हाय अन् डावा बारका. गिरणीच्या पट्ट्यात कुनाचा डावा अंगठा सापडला व्हता? कुनाला डावा कान पुरता वढता येत नव्हता?"

 बजरंग म्हणाला, "चित्रातलं काय खरं असतंय, वयनी? राजा तरी खरा हाय का?"

त्याचे बरोबर होते. त्याच्या जागी मीही हेच विचारले असते. माझ्या पाठीवर त्या क्षणी माझेच तरुण अंग पसरले होते, आणि ते मी आहे यावर माझाच विश्वास बसत नव्हता.

तेवढ्यात चिमाबाई बोलली. "त्यो मोर बघा की. एका पायाचा. असलाच मागं हाय. मी बघितलाय."

झुंबरबाईच्या वाडीत ज्यांचा शब्द चालत असे ते हनुमंत आबा तिथेच बसले होते. ते काठी टेकत उठले. "दत्तोबा, तुझं मशीन थांबव. मागचं दार उघड."

गोदामाचे मागचे दार उघडले. दुपारचे ऊन आत आले, आणि टॉकीजमध्ये आल्यापासून पहिल्यांदाच माझ्या बागेवर पडले. लोक माझ्यामागे गोळा झाले. लंगड्या मोराखाली ते ठिगळ होते, दोन कानांचे, हिरवे. झुंबरबाईने त्यावर हात ठेवला. तो हात पांढऱ्या अंगावर पडणाऱ्या हातांसारखा नव्हता. त्याला वजन होते.

"ह्यात मी भाकरी बांधल्या व्हत्या," ती म्हणाली. "लुगडं फाडून घेतलं व्हतं. राहिल्यालं माज्या वाकळंत हाय."

"हिरवं कापड काय, कुटं बी मिळतंय," गर्दीतून कुणीतरी म्हणाले.

शालूबाईने नवऱ्याकडे बघितले. "सांगा की. ती वाकळ कोन पांघरतंय?"

बजरंगने ठिगळाचा काठ बोटांत धरून बघितला. मग खाली बघत म्हणाला, "माज्या पोरी पांघरत्यात. ह्योच काठ हाय."

"झालं तर," हनुमंत आबा म्हणाले. "पर ठिगळ कवा लावलं? चवेचाळीसला लावलं असंल तर काय उपेग?"

दत्तोबा म्हणाला, "आबा, पहिल्या अंकात ठिगळ नव्हतं. मी आठ दिवस हेच बघतोय. चित्र काढतानाच लावलंय ते."

"अन् चित्र कवा काढलं?"

"सुरुवातीला सेन्सॉरचा सरकारी कागद येतो, त्यावर तारीख असते."

"मंग दाव त्यो कागद."

माणसे परत पुढे जाऊन बसली. रीळ उलटे फिरवून पहिल्यापासून लावले. माझ्या पाठीवर तो कागद आला आणि गेला. इंग्रजी आकडे कुणाला नीट लागले नाहीत. तेव्हा सगळे टॉकीज एका आवाजात ओरडले, "वन्स मोअर!" त्या गोदामात आयुष्यात एकदाच ती हाक ऐकली गेली, आणि तीही एका कागदासाठी. कागद पुन्हा उमटला तेव्हा दत्तोबा माझ्याजवळ येऊन उभा राहिला आणि बोट लावून त्याने वाचले, "नोव्हेंबर, त्रेपन्न."

"मंजी तीन वर्सांमागं मानूस जिता व्हता," आबा म्हणाले. "बारा वर्सं तितनं धरा."

"अजून नऊ वर्सं, आबा?" बजरंग म्हणाला. "अन् पोरीचं लगीन?"

"पत्रिकेत थोरल्याचं नाव घाल. जितं मानूस हाय."

 झुंबरबाईने पदराने तोंड पुसले, पण कपाळाला पदर लागू दिला नाही.

मित्रांनो, तो निकाल मला तेव्हाही पुरता पटला नाही. कागदावरची तारीख चित्राची होती, हौशीरामची नव्हती. चित्रण त्याच्याही आधी झालेले, हे मला माहीत होते. आणि तो जिवंत होता तर का आला नाही? कामशेतला रेल्वे थांबते. मी हे कुणाला सांगू शकलो नाही. सांगता आले असते तरी सांगितले असते की नाही, याचाही मला संशय आहे.

पुढची नऊ वर्षे झुंबरबाई बाजारच्या दिवशी यायची. खेळ बघायची नाही. मागच्या दाराने यायची, ठिगळापाशी उभी राहायची आणि जायची. एकदाच ती ठिगळाला म्हणाली, "निरोप तरी धाडायचा व्हता."

पासष्ट साली नोव्हेंबर सरला, तेव्हा ती दाभण घेऊन आली. सोबत बजरंग होता, केस पिकलेले.

"ऱ्हाऊ द्या, वयनी," तो म्हणाला. "पोरीबाळींची लग्नं झाली. आता कोन इचारतंय?"

"नऊ वर्सं मला मोजून दिली व्हती, भावजी. मोजून झाली."

तिने डाव्या, बारक्या कानापासून सुरुवात केली. एकेक टाका उसवला. सुतळीसुद्धा टाकली नाही, बोटाला गुंडाळून घेतली. दर्भाच्या पुतळ्याला तिने तेच हिरवे कापड गुंडाळले, असे बजरंगने नंतर दत्तोबाला सांगितले. सुतळीचे काय केले ते त्यालाही माहीत नव्हते.

लोणावळ्याला, तळेगावला नवी चित्रगृहे झाली आणि आमची टॉकीज बंद पडली. दत्तोबा पुन्हा भाताच्या व्यापाराला लागला. आता मी त्याच्या ओट्यावर पोत्यांवर पांघरलेला असतो. बागेचा रंग उडाला आहे. मोराचा एक पायही आता दिसत नाही. त्याच्याखाली वीतभर भोक आहे आणि त्यातून पावसाचे पाणी पोत्यांवर गळते.

दत्तोबाची सून मला ठिगळ लावणार आहे म्हणते. जरूर लावावे. तुम्हीही जुन्या वस्तू टाकून देण्याआधी शिवा, आणि शिवण्याआधी उलटून बघा, कारण पुढचे अंग फसवते. माझे एवढेच मागणे आहे की ठिगळ कुणाच्या कापडाचे आहे ते आधी विचारून घ्या आणि घरात कुणाला तरी सांगून ठेवा. कधी कुणी ते न्यायला येईल. त्या वेळी ते नीट उसवता आले पाहिजे.