गोरी गोजरबाई

गोजरबाई गेली तेव्हा बायांनी तिची ओटी भरली. नवऱ्याच्या आधी गेली, नशीबवान म्हणाल्या. मागं उरलेल्या पुंजाजीनं त्या नशिबाचं काय करावं, हे मात्र कोणी सांगितलं नाही.

मुलगा गोविंदा लगेच कामाला लागला. अमडापूरच्या मळ्यात आईचा पुतळा बसवायचा, तोही पांढऱ्याशुभ्र संगमरवराचा. घरात तिचा फोटो एकच, आधारकार्डावरचा, आणि त्यात कोणीच स्वतःसारखं दिसत नाही. खामगावच्या शकूर मूर्तिकारानं त्यावरूनच मूर्ती घडवली. देताना बजावलं, की हा दगड उजेड थोडा आत घेतो म्हणून कातडीसारखा जिवंत वाटतो. पण तेल-हळदही तसाच पितो आणि मग सोडत नाही. गोविंदानं मान डोलावली. पुंजाजीनंही ऐकलं.

नाक तेच होतं, कपाळावरचं गोंदणही तेच. पण जन्मभर उन्हात राबलेली काळीसावळी गोजरबाई अशी गोरीपान झाली होती, की पाहुण्यांनी तोंडात बोटं घातली. पुंजाजी रोज सकाळी समोर जाऊन बसायचा आणि परक्या बाईकडं टक लावून पाहिल्यागत ओशाळून उठायचा. खरा चेहरा त्याला आताशा नीट आठवेना. ही गोरी तिच्या जागी ठाण मांडून बसेल, याची त्याला फार भीती वाटायची.

पितृपंधरवड्यात अविधवा नवमी आली. सवाष्ण गेलेल्या गोजरबाईला हळदीकुंकू लावायला शेजारची भिमाबाई चार जणींना घेऊन आली. गोविंदा आडवा उभा राहिला. दगड खराब होईल, दुरूनच वाहा म्हणाला. आईच्या अंगाला हळद लागू न देणारा असा जपणारा मुलगा पंचक्रोशीत दुसरा नसेल.

पुंजाजी उठला. भिमाबाईच्या ताटातली जवसाच्या तेलाची वाटी त्यानं घेतली, तीत हळद कालवली आणि थंडीत गोजरबाई स्वतः चोळायची तसं कपाळाला, गालांना, कानामागं निवांत चोळलं.

"बाबा, शकूरभाईनं सांगतलं होतं ना? आता हे जन्मात निंगत नाही."

"म्हून तं लावून राह्यलो."

दगडानं तेल पोटभर प्यायलं. शकूर येऊन पाहून गेला आणि हात हलवत परतला. गोविंदानं अबोला धरला.

दुसऱ्या सकाळी पुंजाजी समोर बसला. गाल गव्हाळ झाले होते, कानामागं तर पार काळवंडलं होतं. आज तो ओशाळून उठला नाही, आणखी पुढं सरकून बसला.

"गोऱ्या बाईसंग बोल्याची मले हिंमतच नोती होत, गोजरे," तो म्हणाला, आणि कपाशीला बोंडं कशी धरली ते सांगू लागला.