तब्येतीकडे लक्ष

ऊर्जानगरला प्रवीणच्या क्वार्टरच्या गॅलरीतून शाळेचं फाटक दिसतं. तरी त्याची दिव्यानी रोज बाबाच्या बाईकवर बसून शाळेत जाते. बाईक आहे, पेट्रोल आहे, मग पोरीनं पायी काऊन चालावं?

सातवीतल्या दिव्यानीला शाळेच्या कबड्डी संघात जायचं होतं. चढाईतला तिचा 'कबड्डी कबड्डी' क्वार्टरपर्यंत ऐकू यायचा. अडचण एकच. ठरलेल्या वजनापेक्षा जास्त भरली तर संघात घेत नाहीत, आणि ती जास्त भरायची.

त्यातच शाळेत आरोग्य तपासणी झाली. पुण्याकडच्या नव्या डॉक्टरबाईंनी दिव्यानीची आजी भागीरथाबाई यांना बाजूला घेतलं आणि हळूच सांगितलं, "आजी, हिच्या तब्येतीकडे लक्ष द्या." लेकरासमोर 'लठ्ठ' म्हणू नये, हे त्यांना शिकवलेलं होतं.

भागीरथाबाई सावली तालुक्याकडच्या. तिकडे तब्येत म्हणजे अंगावरचं मांस. चढलं तर तब्येत बनली, उतरलं तर तब्येत गेली. त्यांनी त्याच दिवसापासून लक्ष द्यायला घेतलं. सकाळी शिरा, दुपारी भातावर तूप, संध्याकाळी तिळाचे लाडू.

"आजी, मले वजन कमी कराचं आहे व!"

"डॉक्टरीन सोता बोलली. तुले तिच्यापरीस जास्त समजते काय?"

"ते कमीच कर म्हणत होती!"

"मंग तसं म्हनली असती. तोंड नव्हतं काय तिले?"

 

निवडीच्या दिवशी काटा जरासा पुढे गेला. खेळाचे हेमराज सर म्हणाले, "थोडंच आहे. मैदानाले चकरा मार, घाम काढ. मंग पाहू."

दिव्यानी रमतगमत निघाली. तेवढ्यात फाटकातून भागीरथाबाई डबा घेऊन आत आल्या.

"उपाशी पोरीले चालवून राह्यले! थांब व, एक लाडू खाऊन घे!"

दिव्यानी पळाली. आजी मागे. जन्म धानाच्या बांधीत, भातशेतीच्या चिखलात राबण्यात गेलेला, आजी काही थकेना. आजी थकेना म्हणून दिव्यानीलाही थांबता येईना. सर शिट्टी तोंडात धरून नुसते पाहत राहिले.

दुसऱ्यांदा काटा बरोबर जागेवर थांबला. सरांनी दिव्यानीचं नाव संघात घेतलं आणि आजींसमोर हात जोडले.

"आजी, सरावाले रोज येजा. डबा घेऊनच."

भागीरथाबाईंनी मैदानावरच्या बाकीच्या पोरींकडे एकदा निरखून पाहिलं.

"मंग डबा मोठा लागन."