वाकड्या कोपऱ्याची मांडणी

मी एक जुनी मांडणी आहे, आणि मी वाकडी नाही. मित्रांनो, हे आधीच सांगून टाकते, कारण गेली सहा वर्षे या घरात येणारा-जाणारा मला वाकडी म्हणत आला आणि उलट उत्तर द्यायला मला तोंड नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

मी अस्सल सागवानी. खाली रुंद आणि वर लहान होत गेलेल्या पाच फळ्या. दोन भिंती मिळतात तिथे पाठ टेकून उभे राहायचे आणि घरातल्या चांगल्या वस्तू लोकांना दाखवायच्या, हे माझे काम. मला एका शिवणकाम करणाऱ्या बाईंनी करून घेतले. सगळे त्यांना मावशी म्हणत. त्यांचे घर रस्त्याच्या वळणावर होते, आणि रस्ता वळला तशी घराची भिंतही वळली होती. त्यामुळे त्यांच्या खोलीचा कोपरा काटकोनात नव्हता, चांगला पसरट होता. मावशींनी दुकानातून दोन तयार मांडण्या आणून पाहिल्या. दोन्हींच्या बाजूला हात जाईल एवढ्या फटी राहिल्या. तेव्हा त्यांनी मिस्त्रींना बोलावले.

मिस्त्री फार बोलत नसत. त्यांनी एक मोठा पुठ्ठा कोपऱ्यात धरला, थोडा थोडा कापत भिंतींना चपखल बसवला आणि त्यावरून माझी एकेक फळी आखली. काम संपल्यावर मला उलटी करून सगळ्यात खालच्या फळीच्या पोटाला पेन्सिलीने दोन ओळी लिहिल्या. मग मला कोपऱ्यात सरकवले. माझ्या पाठीत आणि भिंतीत पोस्टकार्डसुद्धा गेले नसते.

पुढची चाळीस वर्षे मी रुबाबात काढली. सगळ्यात वर घड्याळ, त्याखाली चिनी मातीच्या बदकांची जोडी, मधल्या फळीवर मावशींच्या लेकीने शाळेत मिळवलेले पेले. मापे द्यायला आलेल्या बायका आपली पाळी येईपर्यंत माझ्याकडे बघत बसत आणि ही कुणी केली म्हणून विचारत. लेक तर मला धरूनच उभी राहायला शिकली. तिला दात येत होते तेव्हा तिने माझ्या खालून दुसऱ्या फळीचे उजवे टोक चावून ठेवले. तिथे चार बारीक खळगे आहेत. पॉलिश करणारा आला, तेव्हा मावशींनी त्याला तेवढी जागा घासू दिली नाही.

मग मावशींची नजर गेली. लेकीने त्यांना आपल्या नव्या फ्लॅटमध्ये आणले आणि त्यांच्याबरोबर मलाही. इथले कोपरे सगळे काटकोनी. मी त्यांत बसणार कशी? माझ्या पाठीमागे पोकळी राहिली आणि तीत चमचे, चेंडू, टीव्हीचा रिमोट पडू लागला. रिमोट पडला, की जावईबापू पाहुण्यांना सांगत, मुळातच वाकडी आहे हो. 'नाचता येईना अंगण वाकडे' ही म्हण तुम्ही शिकला असाल. इथे तर जुने अंगण खरोखरच वाकडे होते, आणि बोल लागला नाचणारीला! संतापाने माझी खालची फळी पेटायची ती थेट वरच्या फळीपर्यंत. कोपऱ्याला कुणी काही म्हटले नाही.

शेवटी माझी रवानगी बाल्कनीत झाली. घड्याळाच्या जागी रद्दी आली, बदकांच्या जागी खराट्याच्या काड्या. उजव्या टोकाला फिनेलची बाटली. मी कुणासमोर रडणार? रोज सकाळी मावशी मात्र भिंत चाचपत बाल्कनीत येत, दुसऱ्या फळीवरून हात फिरवत आणि आत जात. घरच्यांना वाटे, म्हातारी उन्हाला जाते.

एक दिवस जावईबापूंच्या मनात आले, की मला दोन्ही बाजूंनी कापून काटकोनात बसवावे. माणूस वाईट नाही, मला परत हॉलमध्ये घ्यावे एवढाच त्यांचा हेतू. पण चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच! सुतार विजेची करवत घेऊन आला. फळ्या कशा जोडल्यात ते पाहायला त्याने मला उलटी केली, आणि तो थांबला. मग त्याने मोठ्याने वाचले, "हिला गुण्या लावू नये. कोपरा वाकडा आहे, त्याच्या मापाने केली आहे." गुण्या म्हणजे काटकोन तपासायचे सुताराचे हत्यार. सहा वर्षांत पहिल्यांदाच माझ्या बाजूने कुणीतरी बोलले होते.

जावईबापू म्हणाले, की तो कोपरा आता राहिला कुठे, तुम्ही कापा. तेवढ्यात लेकीबरोबर दारात आलेल्या मावशींचा आवाज आला.

"उजवं टोक कापू नका. तिथे हिचे दात आहेत."

लेक गुडघ्यांवर बसली. तिने बाटलीचा चिकट डाग पदराने पुसला आणि खळग्यांवर बोट ठेवले.

"आई, मला कधी सांगितलं का नाहीस?"

"तू बाटली तिथेच ठेवायचीस. मी ती उचलून हात लावायचे आणि परत ठेवायचे."

सुताराने करवतीची वायर काढून गुंडाळली. मांडणी कशाला कापायची, तुम्हाला कोपराच करून देतो, म्हणाला. त्याने माझ्या पाठीला पुठ्ठा लावून माप घेतले आणि दुसऱ्या दिवशी हॉलच्या कोपऱ्यात दोन फळ्या ठोकून माझा जुना पसरट कोपरा उभा केला. मी त्यात बसले. फट नाही.

माझी माफी कुणी मागितली नाही. ही कल्पना आपलीच, असे जावईबापू पाहुण्यांना सांगतात. सांगोत बापडे. पण मित्रांनो, तुम्ही तरी एखाद्या वस्तूला, किंवा वर्गातल्या एखाद्या मुलाला, वाकडे म्हणण्याआधी जरा वाकून खालून बघा. कुणीतरी तिथे काही लिहून ठेवलेले असेल.

माझ्यावर आता पुन्हा घड्याळ आहे, बदके आहेत, पेले आहेत. दुसऱ्या फळीच्या उजव्या टोकाला मात्र लेक कुणाला काही ठेवू देत नाही.