सत्कार तासांत धरत नाहीत

मी माईक बोलतोय. दचकू नका. आजवर माझ्यातून सगळे बोलले, पण मला काय वाटतं ते कुणी विचारलं नाही, म्हणून आज स्वतःच तोंड उघडलंय.

माझा जन्म चीनमधल्या एका कारखान्यात झाला आणि संसार मांडला तो न्यू जर्सीत, पार्सिपनीच्या मराठी मंडळात. अध्यक्ष सुमंतकाकांनी मला खोक्यातून काढलं, "हॅलो, हॅलो, चेक" म्हणाले आणि त्यानंतर फारसं खाली ठेवलंच नाही. प्रास्ताविक त्यांचं, पाहुण्यांची ओळख त्यांची, आभारही त्यांचेच. मधल्या फटीत पाहुणे बोलून घेत. काकांचे तुषार झेलून माझी जाळी गंजली. पण माणूस प्रेमळ. हॉलची किल्ली मागायला आलेल्याला ते कधी नाही म्हणाले नाहीत.

चैत्रालीलाही नाही म्हणाले नाहीत. ही फिजिओथेरपिस्ट. हॉस्पिटलातली नोकरी सोडून तिनं आपल्याच व्यवसायातल्या लोकांसाठी प्रशिक्षणवर्ग काढला होता. इथं लायसन्स टिकवायचं तर अधूनमधून ठरावीक तास शिकावं लागतं, आणि तेही मान्यता असलेल्या संस्थेकडून. मान्यता नसेल तर साक्षात ब्रह्मदेवाला शिकवायला बसवा, तुमच्या खात्यात तास शून्य!

मान्यतेच्या अटी पूर्वीच्या वरपक्षाला लाजवतील अशा. शिकवणारा पात्र हवा. काय शिकवणार ते आधी सांगा, लोक शिकले का ते नंतर तपासा. वर्गात काही विकू नका. आणि जेवढे तास लिहिता तेवढे खरंच शिकवा.

या शेवटच्या अटीनं घात केला. पहिल्या वर्गाला मान्यता देणाऱ्यांकडून तपासणीसाठी कॅरलबाई आल्या. काकांनी दीपप्रज्वलन केलं, मंडळाचा इतिहास सांगितला, वक्त्यांना शाल-श्रीफळ दिलं. उत्साहाच्या भरात कॅरलबाईंच्या हातातही नारळ ठेवला. मग समोसे आले. शिकवायला वेळ उरला मूठभर. बाईंनी नारळ टेबलावर ठेवला आणि गोड आवाजात सांगितलं, "सत्कार तासांत धरत नाहीत." मान्यता अडली. आता एकच संधी उरली होती. तीही गेली तर वर्ग बंद आणि चैत्राली पुन्हा हॉस्पिटलच्या दारात.

दुसऱ्या वर्गाआधी ती काकांना म्हणाली, "काका, प्लीज, या वेळी इंट्रो स्किप करूया ना? मी डायरेक्ट स्टार्ट करते."

"ऑफ कोर्स! मी फक्त दोन शब्द बोलतो."

मराठी अध्यक्षांचे दोन शब्द! मला घामच फुटला.

झालंही तसंच. बोलता बोलता काका स्वतः अमेरिकेत आले त्या वर्षीच्या बर्फापर्यंत पोचले. कॅरलबाईंनी घड्याळ पाहिलं. चैत्राली कोपऱ्यात मार्करचं टोपण काढत होती, लावत होती. तिचे डोळे भरून आले होते. काकांची नजर तिच्यावर गेली आणि वाक्य अर्ध्यावर तुटलं. मग त्यांचा अंगठा हळूच माझ्या बटणावर आला.

खट्.

"हॅलो? हॅलो? अरे यार, माईक गेला वाटतं! चैत्राली, आता तूच स्टार्ट कर बाई."

मी गेलो? नव्या बॅटऱ्या घालून बसलेला मी? सगळा हॉल म्हणाला, "चायना माल!" सगळ्यात मोठ्यानं काका म्हणाले. असा राग आला मला!

चैत्रालीनं माईकशिवायच शिकवलं. लोकांना उभं करून खांदे फिरवायला लावले, कॅरलबाईंनाही. वेळ संपेपर्यंत कुणी समोशाचं नावही काढलं नाही.

मान्यता मिळाली. मग चैत्रालीचा सत्कार झाला. आता तो कितीही लांबला तरी चालणार होता. त्यासाठी नवा माईक आणला आणि काका त्यावर पोटभर बोलले.

मी ड्रॉवरमध्ये आहे. अंगावर काकांच्या अक्षरातली चिठ्ठी आहे, 'बिघडलेला'. कधी किल्ली शोधताना ते मला उचलतात, बटणाशी अंगठा नेतात आणि तसंच ठेवून देतात. माझा राग केव्हाच गेला. तेवढं एक वाक्य अर्धं सोडताना त्या माणसाला काय वाटलं असेल, ते फक्त मला माहीत आहे.

म्हणून विनंती एकच. कधी हा ड्रॉवर उघडलात तर माझं बटण दाबू नका. मी अजून खणखणीत आहे, आणि ते कुणाला कळलं तर काका उघडे पडतील.