निघायच्या बेतातला घोडा

हनुवटीखालचा साबण बोटाने चाचपत बाबांनी वस्तरा वर ओढला. मग उलटा हात गालावरून फिरवून राहिलेली खुंटं शोधली. मुलगी चहाचा कप घेऊन दारात उभी होती. मदत करायची नाही, विचारलं तरच सांगायचं, असा घरातला नियम होता.

"राहिलंय का कुठे?"

"डाव्या कानाखाली थोडं."

"तिथे कायमच राहतं. डोळे होते तेव्हाही राहायचं. तुझी आई म्हणायची, तेवढीच तुमची शेती!"

आज संग्रहालयाच्या नव्या संकेतस्थळाचं उद्घाटन होतं. दृष्टी जाईपर्यंत बाबा तिथल्या ब्राँझच्या दालनाचे पहारेकरी होते. सभागृहातले समारंभ त्यांनी नेहमी दार धरून, उभ्याने पाहिले. आज मंचावर त्यांची खुर्ची होती. ते कळ दाबणार आणि घोड्याच्या मूर्तीचं वर्णन संगणक वाचून दाखवणार. न दिसणाऱ्या माणसाला घरबसल्या संग्रहालय कळावं, म्हणून ही सोय होती.

वर्णनं मुलीनेच लिहिली होती. ती तिथेच कार्यालयात कारकून. वर्षभर रोज संध्याकाळी ती लिहिलेलं बाबांना वाचून दाखवी आणि बाबा तिला अडवत.

"'घोडा उभा आहे' काय लिहितेस? खांब उभा असतो. तो निघायच्या बेतात आहे."

"बाबा, असं सरकारी कागदावर चालत नाही."

"मग घोड्याला सांग, नीट उभा राहा म्हणून."

तिने 'निघायच्या बेतात' असं लिहिलं होतं.

बाबा शर्टाची बटणं लावत असताना तिने सरावासाठी संकेतस्थळ उघडलं आणि वाचून दाखवणारा प्रोग्रॅम सुरू केला. "चित्र," संगणक म्हणाला. तिने पुढची कळ दाबली. "चित्र." पुन्हा दाबली. "चित्र." तिने घाईघाईने आवाज बंद केला आणि गॅलरीत जाऊन संकेतस्थळ बनवणाऱ्याला फोन लावला.

"मॅडम, तुमची वर्णनं फार लांब होती, मांडणी बिघडत होती," तो म्हणाला. "तपासणीत वर्णनाचा रकाना रिकामा नाही ना, एवढंच बघतात. मग सगळीकडे 'चित्र' टाकून दिलं. पैकीच्या पैकी गुण!"

"पण ऐकणाऱ्याला काय कळणार?"

"ते पुढच्या टप्प्यात करू. आजची काळजी सोडा. घोड्याचं वर्णन छान आवाजात रेकॉर्ड करून घेतलंय. बाबांनी कळ दाबली की मागून मी सुरू करीन. त्यांना कळणारसुद्धा नाही."

संग्रहालयात पोचल्यावर बाबांना मंचामागच्या खोलीत बसवून ती संचालकांकडे गेली. माणूस वाईट नव्हता. या कामाला मंजुरी मिळावी म्हणून त्यांनीच खेटे घातले होते.

"तुमचं म्हणणं बरोबर आहे," ते हळू आवाजात म्हणाले, "पण पाहुणे दारात आलेत. पुढच्या टप्प्यात नक्की बघू. आणि हा तुमच्या वडिलांचा मान आहे हो. त्यांच्या आनंदावर विरजण घालू नका."

ती परतली तेव्हा बाबांचं बोट गुडघ्यावर हलत होतं. कळ दाबण्याचा सराव चालला होता. क्षणभर तिला वाटलं, बोलूच नये. मग ती शेजारी बसली आणि तिने सगळं सांगितलं.

बोट थांबलं.

"म्हणजे आज मला काचेत ठेवणार म्हण."

बाबांनी ते बोट मुठीत मिटून घेतलं.

"उद्या माझ्यासारखा कुणी घरी बसून हे उघडेल, त्याला काय ऐकू येईल?"

"चित्र. प्रत्येक वस्तूला नुसतं चित्र."

"घोड्यालाही?"

"घोड्यालाही."

"तू लिहिलेलं पुन्हा चढवता नाही येत?"

"अधिकार नाही मला."

बाहेर ध्वनिक्षेपक खरखरला. "मी नाही गेलो, तर बोलतील तुला," बाबा म्हणाले.

"बोलू देत."

बाबा उठले आणि त्यांनी तिचा कोपर धरला. दारातल्या स्वयंसेविकेला ती म्हणाली, "बाबा मंचावर येणार नाहीत. साहेबांना सांगा."

ब्राँझच्या दालनात कुणी नव्हतं. आत शिरताच बाबांनी तिचा कोपर सोडला आणि ते बरोबर घोड्यासमोर जाऊन थांबले. त्यांनी हात पुढे केला. हात काचेला लागला.

"ही कधी बसवली?"

"तुम्ही निवृत्त झाल्यावर."

अंधशाळेची मुलं यायची, तेव्हा बाबा मुद्दाम खिडकीकडे तोंड करून उभे राहायचे. त्या मुलांच्या हातांनी घासलेलं घोड्याचं नाक तेवढं अजून चकाकत होतं. ते चकाकतंय, हे तिने बाबांना सांगितलं. त्यांनी मान हलवली.

तेवढ्यात दालनातल्या कर्ण्यातून एक गोड आवाज आला. बाबांऐवजी कुणीतरी कळ दाबली होती. "ब्राँझचा घोडा. पुढचा एक पाय उचललेला, मान किंचित वळलेली. घोडा निघायच्या बेतात आहे." मग टाळ्या. टाळ्या बराच वेळ वाजत राहिल्या.

"आवाज चांगला आहे," बाबा म्हणाले.

टाळ्या थांबल्यावर त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि काचेवर उमटलेला आपल्या हाताचा ठसा, चाचपत चाचपत, पुसून टाकला.

"पुढे काय आहे? दिवा ना?"

"हो, दिवा."

"सांग."

तिने त्यांना पुढच्या कपाटाशी नेलं आणि हलक्या आवाजात सांगायला सुरुवात केली.